न खाजणारा तीळ

बंद पडलेल्या थिएटरच्या जिन्यावर चपलांचा खच पडला होता आणि वर हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बहुतेकांच्या अंगावर मलमलीची पांढरी पट्टी. कुणाच्या मानेवर, कुणाच्या दंडावर, कुणाच्या कानामागे. पट्टी नसलेले लोक पट्टीवाल्यांकडे हेव्यानं बघत होते.

“तुम्हाला कधी उमटला हो?”

“परवाच. उमटला ते कळलंसुद्धा नाही!”

“तीच तर कृपा! कळत नाही, दुखत नाही, खाजत नाही.”

हे तीन ‘नाही’ म्हणजे निवांतबाबांचं सगळं अध्यात्म. मंचावर लोकरीची जाड गादी अंथरलेली असे. भक्तानं तिच्यावर डोळे मिटून पडायचं. कृपा झाली की दुसऱ्या दिवशी अंगावर एक काळा तीळ दिसायचा. बाबा त्यावर पट्टी बांधायचे आणि ती सोडायचीही त्यांनीच. मग म्हणे अंगातला आजार तिळात ओढला जायचा, तीळ फुगत जायचा आणि भरला की गळून पडायचा. आजार गेला! नाहीच गेला तर पुन्हा गादीवर, पुन्हा नवा तीळ. दुकान बंद पडायचं कारणच नव्हतं.

मागच्या भिंतीला टेकून जनावरांची डॉक्टर उभी होती. सकाळी तिनं एक अडलेली गाय सोडवली होती, दुपारी दोन कुत्र्यांच्या भांडणातलं हरलेलं कुत्रं शिवलं होतं. आता तिला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण पहिल्या रांगेत तिची थोरली बहीण बसली होती, कानामागे पट्टी बांधून, अंगात ताप घेऊन. तिला घेतल्याशिवाय जायची सोय नव्हती.

“डास चावला तर काय होतं?” मंचावरून बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा मंचामागच्या मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यातून दिसत होता. मागच्यांनाही तेज दिसावं म्हणून ही व्यवस्था होती.

“खाज!” हॉल ओरडला.

“मुंगी चावली तर?”

“खाज!”

“म्हणजे मातीतलं जे जे आहे ते खाजतं. आणि वरून जे येतं?”

“ते खाजत नाही!”

“खाज म्हणजे देहाचा अहंकार, बाळांनो. अहंकार सोडा, निवांत व्हा.”

अशा कितीतरी अहंकारी गाढवांना मी रोज मलम लावते, असं डॉक्टरणीच्या मनात आलं. पण हसायचंही त्राण नव्हतं.

त्या गादीकडे पाहताना तिला काहीतरी आठवत होतं. मागे एकदा बाबांनीच तिला बोलावलं होतं, थिएटरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांच्या पाळलेल्या मेंढ्यांपैकी एक लंगडत होती. डॉक्टरणीनं खूर साफ केला आणि मेंढीचे कान उलटून पाहिले, तर आत गोचिड्यांची गर्दी. “सगळ्यांना औषधाच्या पाण्यानं धुवा, मी लिहून देते,” ती म्हणाली, तसे बाबा घाईघाईनं पुढे आले होते. “नको नको, फक्त पायाचं बघा. आमच्या मेंढ्या निवांत आहेत.” माणूस चिक्कू दिसतोय, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. मेंढ्यांच्या पायाखाली एक लोकरीची गादी होती. हीच. कडेला तोच निळा टाका.

सभा संपताच तिनं ताईला हाताला धरून उठवलं.

घरी आल्यावर ताई शिलाई मशीनशी जाऊन बसली, पण पायडलवर पाय चालेना. शेजारी मलमलीच्या पट्ट्यांचा ढीग होता. बाबांना लागणाऱ्या सगळ्या पट्ट्या ताईच कापून द्यायची, सेवा म्हणून. आज कात्री तशीच पडून होती.

“ताई, तो तीळ नाहीये गं. गोचीड आहे ती. चल, काढून टाकू आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ.”

“तुला सगळीकडे जनावरंच दिसतात. गोचीड चावली तर कळणार नाही का मला? बोटाला टाचणी लागली तरी कळतं.”

“आणि हा ताप?”

“आजार जळतोय. बाबा म्हणाले होते, ताप येईल.”

ताईनं हिला वाढवलं होतं. आई गेल्यावर हिची वेणी घातली होती, स्वतःची शाळा सोडून हिची फी भरली होती. त्या बाईला दरडावायला धाकटीची जीभ उचलेना. दुखऱ्या गुडघ्यांनी आयुष्यभर मशीन चालवल्यावर कुणी ‘निवांत पड’ म्हटलं, एवढ्यानंच ताई विरघळली होती. त्यात बाबांपेक्षा आमचाच दोष जास्त, असं धाकटीला वाटलं आणि भलतंच वाईट वाटलं.

“तू एकदा गादीवर पड,” ताई म्हणाली. “तुलाही तीळ आला की बोलणं बंद करायचं.”

“आणि खाजला तर?”

“खाजणारच नाही.”

“पण खाजला तर दवाखान्यात यायचंस. कबूल?”

ताईनं धापा टाकत मान हलवली. कुठल्याही शहाण्या माणसानं असली पैज लावू नये. धाकटीनं लावली, कारण तिला आपल्या कातडीची खात्री होती आणि दुसरा मार्ग सुचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गादीवर पडून आली. संध्याकाळपर्यंत मनगट लाललाल सुजलं आणि अशी खाज सुटली की तिला सुटकेचा सुस्कारा टाकावासा वाटला. ती तडक हॉलमध्ये गेली आणि भर सभेत उभी राहिली.

“बाबा, तीळ उमटला. पण खाजतोय.”

हॉलमध्ये हशा पिकला. बाबांना तर आयतं सावज मिळालं.

“पाहा! शिकलेला देह! अहंकार कसा उफाळून आलाय! अरे कॅमेरा, दाखव सगळ्यांना. जवळून दाखव. अश्रद्धेचं रूप पाहू दे!”

कॅमेरावाल्यानं आज्ञा पाळली. थिएटरच्या पडद्यावर खाटेएवढं मनगट उमटलं, त्यावर लाल गांध आणि तिच्या मधोमध काळा तीळ. कॅमेरावाला भाबडा होता, त्यानं चित्र आणखी मोठं केलं. तिळानं पाय हलवले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार.

हशा बंद झाला. कुणीतरी बाई किंचाळली. मग आपापल्या पट्ट्यांकडे हात गेले.

“बंद कर तो कॅमेरा!” बाबा ओरडले. त्या आवाजात निवांतपणाचा मागमूस नव्हता.

डॉक्टरणीनं भाषण केलं नाही. ती पहिल्या रांगेत ताईसमोर खाली बसली.

“ताई, सुई बोटात घुसली तर काय करतेस?”

“हात मागे घेते.”

“का?”

“दुखतं म्हणून.”

“आणि दुखलंच नाही तर?”

ताई विचारात पडली. “तर बोट शिवून टाकीन.”

“तेच झालंय. गोचीड तोंड खुपसते तेव्हा लाळ सोडते. त्या लाळेनं जागा बधिर होते, रक्त गोठत नाही, खाज उठत नाही. बाहेरचं काही घुसलं की त्याला हाकलायला रक्तातल्या पेशी धावून येतात, त्यांनाही ही लाळ वाटेतच थोपवते. ती दिवसचे दिवस रक्त पिऊन फुगते आणि तुम्ही म्हणता आजार भरला. एखाद्या गोचिडीच्या अंगात रोगाचे जंतू असले तर तेही त्याच लाळेबरोबर आत येतात आणि अडवायला जागं कुणी नसतं. तुझा ताप तिथून आला असणार.”

“थापा!” बाबा म्हणाले. “मग तुलाच खाज कशी सुटली?”

“बरं विचारलंत. मला जन्मभर जनावरांच्या गोचिड्या चावताहेत. माझ्या अंगानं ही लाळ ओळखली आणि बोंब मारली. खाज सुटणारा पापी नसतो हो. त्याचं अंग जागं असतं.”

ताईनं कानामागची पट्टी स्वतः सोडली. आपल्याच हातानं कापलेली पट्टी तिनं क्षणभर बोटांत चुरगळली, मग मान वाकवली.

“काढ,” ती म्हणाली. “जपून काढ गं.”

डॉक्टरणीनं खिशातल्या चिमट्यानं तो ‘तीळ’ कातडीलगत धरला आणि न पिळता हळूहळू सरळ ओढला. करड्या मण्यासारखी टम्म गोचीड काचेच्या डबीत पडून पाय झाडू लागली. पडदा अजून चालूच होता. कॅमेरावाल्याला आता कुणाचंच ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाबा मागच्या जिन्यानं पसार झाले, गादी आणि मेंढ्या इथेच टाकून. त्या मेंढ्या कुणी धुतल्या हे सांगायला नको. पुष्कळ लोक दवाखान्यात गेले, काही जण ‘आमचा तीळ खरा होता’ म्हणत घरी गेले. जिन्यावर एका आजोबांनी डॉक्टरणीला गाठलं.

“गुडघ्यावर तुमच्याकडे काय आहे?”

“आजोबा, मी गुरांची डॉक्टर आहे.”

“चालेल की!”

तिनं कपाळाला हात लावला. एक बाबा गेला तर यांना लगेच दुसरा हवा होता. त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त थकवा तिला त्या ‘चालेल’नं आला. ती वळून म्हणाली, “चालणार नाही. मलाही विचारा, का म्हणून. गोळी कशाची, कशासाठी, कशावरून. जो सांगणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.”

ताईला दवाखान्यात ठेवावं लागलं. थोडा उशीर झाला होता, पण फार नाही. गोळ्या लागू पडेपर्यंत धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. खाटेशेजारच्या खुर्चीवर ती दिवसभर डुलक्या काढायची आणि दचकून उठून ताईच्या कपाळाला हात लावायची.

एका दुपारी ताईच्याच चिडक्या आवाजानं तिला जाग आली.

“अगं, खिडकी लाव ना ती! डास चावतायत. बघ, हाताला कशी गांध आलीय. खाजून खाजून जीव नकोसा झालाय माझा!”

धाकटी ताईच्या हाताकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“वेडी आहेस का? रडतेस काय?” ताई म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं. तिनं हात पुढे केला आणि धाकटीनं तो हळूच खाजवून दिला.