टाके घातलेला मोर

मित्रांनो, मी एक जुना कोपरा आहे. घराचा नव्हे, रस्त्याचाही नव्हे, टपालाच्या एका कार्डाचा. इतरांच्या आत्मवृत्तात अख्खी वस्तू बोलते. माझ्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

माझा जन्म जुन्या चिंध्यांच्या लगद्यातून झाला. त्या चिंध्या आधी कोणी, कुठे आणि कशासाठी वापरल्या होत्या, याचा मी विचार करत नाही. तुम्हीही करू नका.

निजाम सरकारचा जमाना होता. गुलबर्ग्याच्या गिरणीत कामाला असलेल्या श्रीमंतनं आमचं कोरं कार्ड विकत घेतलं. तो मंठाळकडच्या एका खेड्यातला. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या काही बाया अजून माझ्यावर रागावून आहेत. श्रीमंतनं घरी चार ओळी लिहिल्या, तोंडातली तंबाखू एका गालात सरकवली आणि तिकीट चाटलं. मन भरलं नाही म्हणून पुन्हा चाटलं. मग ते ओलं, चुन्याच्या वासाचं तिकीट माझ्या तोंडावर दाबलं. माझ्या कामाच्या आयुष्याचं उद्घाटन हे असं झालं.

तिकीट मात्र देखणं होतं. मधोमध बारीक नक्षी, कडेनं निरनिराळ्या लिप्यांतली अक्षरं. मी मनाशी म्हटलं, असू दे, थुंकी काय, वाळेल. ती वाळते न वाळते तोच मी टपालातल्या गुरुशांतप्पाच्या हाती लागलो.

एकदा वापरलेलं तिकीट कोणी पुन्हा वापरू नये म्हणून त्यावर शिक्का मारायचा, हे गुरुशांतप्पाचं काम. त्याचा पितळी शिक्का झिजून गुळगुळीत झाला होता आणि नवा काही केल्या येत नव्हता. म्हणून त्यानं मोडक्या लाटण्याच्या टोकावर चाकूनं स्वतःच मोर कोरला. कोरायला घेतला होता मोर, एवढं खरं. उमटायची ती केरसुणी घेऊन निघालेली कोंबडी. शाई म्हणजे काजळ आणि एरंडेल. दर वेळी तो शिक्का तोंडाजवळ नेऊन त्याच्यावर 'हाः' करायचा आणि मग हाणायचा. सकाळी त्यानं कांदा खाल्ला होता, हे मी शपथेवर सांगतो. कोंबडी तिकिटावर बसली आणि केरसुणी तिकिटाबाहेर, थेट माझ्या अंगावर आली. ती केरसुणी ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला.

गावातलं टपाल शाळेतच चालायचं. अच्युतराव मास्तर सकाळी पोरांना पाढे शिकवायचे आणि दुपारी पत्रं लावायचे. त्यांना दोन नाद होते. एक तपकिरीचा. दुसरा हाती कोरलेले शिक्के जमवण्याचा. त्यांच्या वहीत कोबीसारखं कमळ होतं, भोपळ्यासारखा हत्ती होता, आणि एक असं काही होतं की त्याला ते सोमवारी सिंह म्हणत आणि गुरुवारी सूर्य. माणूस तिकिटाकडे बघायचाच नाही. तिकीट खराब करणाऱ्या डागाकडे बघायचा. लग्नाला जाऊन नवरीऐवजी तिच्या शालूवर सांडलेल्या कढीकडे टक लावून बसावं, तसं. मला किळस आली.

"मोर! अस्सल मोर!" मला बघून मास्तर ओरडले आणि त्यांनी माझा मुका घेतला. तपकिरीसकट.

एरवी ते गावकऱ्यांना विचारून, तिकीट पाण्यात भिजवून हलकेच सोडवून घेत. पण या खेपेला तिकीट सोडवलं असतं तर कोंबडी वहीत गेली असती आणि केरसुणी कार्डावर राहिली असती. मास्तरांना जोडी फोडवेना. विचारायलाही धीर धरवेना. त्यांनी कात्री घेतली आणि मला तिकिटासकट कार्डापासून कापलं. मग मला तपकिरीच्या रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्या रुमालाचं वर्णन मी करणार नाही. लहान मुलं वाचत असतील.

राहिलेलं कार्ड मास्तरांनी कल्लप्पा टपालवाल्याकडे दिलं आणि खुशाल उरलेल्या पत्रांकडे वळले.

आता मित्रांनो, आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. माणूस गेल्याचं पत्र असलं की लिहिणारा त्याचा कोपरा फाडतो. असलं पत्र घरात घेत नाहीत. वाचायच्या आधीच घराला कळतं. एवढे शिकलेले मास्तर, पण मोर दिसला आणि रीत विसरले. कल्लप्पा नाही विसरला. कोपरा नसलेलं कार्ड त्यानं दोन बोटांत लांब धरलं, श्रीमंतच्या घराच्या उंबऱ्याबाहेर टाकलं आणि अंघोळीला पळाला. हे मला पुढे कार्डानंच सांगितलं.

त्या महिन्यात गुलबर्ग्याला तापाची साथ होती. श्रीमंतची आई सत्यभामाबाई कार्ड बघून मटकन खाली बसली. शेजारची कमलबाई हंबरडा फोडत आली, आणि येताना वरवंटा घेऊन आली. श्रीमंतची बायको गीताबाई. तिच्या बांगड्या फोडायच्या म्हणून.

पत्र वाचायला मास्तरांना बोलावणं आलं. मास्तर निघाले. मी खिशात.

अंगणात शिरताच त्यांना सगळं कळलं असावं, कारण खिशात एकदम घाम आला. तपकीर भिजली. मी बोलत नाही पुढचं.

"रडू नका! ऐका आधी!" मास्तरांनी कार्ड उचललं. "'मी खुशाल आहे. इथली खानावळ मला मानवली असून जाडी वाढली आहे. जुने सदरे तंग झाले. येत्या शुक्रवारी येतो, वेशीवर गाडी पाठवणे.' झालं. एवढंच आहे!"

रडणं दुप्पट झालं.

"मास्तर, कामून खोटं बोलायलाव?" सत्यभामाबाई म्हणाली. "राघोबाचा भाऊ गेला तवा बी तुमी 'थोडी कसर हाय' म्हणून वाचलं. तवा तर त्याला जाळून बी आले होते!"

"ते मन राखायला वाचलं होतं, मावशी. हे खरं आहे."

"आता बी मन राखायलाव! मेल्या माणसाचे सदरे तंग व्हतेत व्हय?"

मास्तरांनी पत्र पुन्हा वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं. मोठ्यानं वाचल्यावर ते आणखीच खोटं वाटलं.

"हात दे गं पोरी," कमलबाई वरवंटा सावरत म्हणाली.

गीताबाईनं दोन्ही हात काखेत घातले. "न्हाई देत. मावशी, त्ये कार्ड बघा आधी. कोपरा फाटला न्हाई, कापलाय. सरळ रेघेत. घरात माणूस गेल्यावर कुणी कात्री हुडकत बसतंय व्हय?"

"शहरातली रीत असंल," कमलबाई म्हणाली. ती आता माघार घ्यायला तयार नव्हती.

मास्तरांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि मी खाली पडलो. ताज्या सारवलेल्या जमिनीवर, चेहऱ्यावर. कोणी पाहिलं नाही. मास्तरांनी पाहिलं. आणि त्यांनी काय करावं? माझ्यावर पाय ठेवला. अनवाणी पाय, टाचेला भेगा, एकीकडे शेण आणि दुसरीकडे ती टाच. त्या अंधारात मला एवढंच कळत होतं, की पाय उचलला तर मोर जातो, आणि नाही उचलला तर बाहेर एका जित्या माणसाच्या बायकोच्या बांगड्या फुटतात.

"धरा गं तिला," कमलबाईचा आवाज आला. दोघी बाया पुढे झाल्या. गीताबाई ओरडली नाही. "मास्तर," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलला.

मग त्यांनी मला उचललं, धोतराला पुसलं आणि कार्डाला लावून दाखवलं. कडेला कड तंतोतंत बसली. "मी कापला," ते म्हणाले. "मी. ह्या मोरासाठी."

सत्यभामाबाईनं मला डोळ्यांजवळ नेलं. "ह्या कोंबडीसाठी?"

"मोर आहे तो, मावशी."

"गप बसा! माझ्या जित्या लेकाला मारलाव ह्या कोंबडीपायी!"

म्हातारीनं गोधडीची सुई मागवली, तांबडा दोरा ओवला आणि मला तिथल्या तिथं कार्डाला शिवून टाकलं. खळीनं चिकटवलं तर पुन्हा सुटेल, आणि पुन्हा कोणीतरी मरेल, असं तिचं म्हणणं. एक टाका मोराच्या डोळ्यातून गेला. तेव्हा मास्तर कण्हले, मी नाही.

शुक्रवारी श्रीमंत गाडीतून उतरला. खरोखरच सदऱ्याची गुंडी लागत नव्हती. आई त्याच्या पोटाला मिठी मारून रडली. गीताबाई दारात उभी राहून, बांगड्या वाजतील एवढ्या जोरात, विनाकारण तांदूळ पाखडत होती. कमलबाईनं त्याला खालवर न्याहाळलं आणि थोडी हिरमुसली. तिचा घसा फुकट बसला होता.

त्यानंतर आम्हाला आढ्याला टांगलेल्या तारेत खोवलं. छातीतून तार, डोळ्यातून दोरा, वर पालीचं बिऱ्हाड. पाल वरून काय टाकते ते विचारू नका. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, हळूहळू त्याची तिकिटंही गेली. मग कुठून तरी कोंबडीची ख्याती ऐकून हैदराबादचा एक संग्राहक आला. त्यानं भिंग लावून मला पाहिलं. "दुर्मिळ चीज! पण टाके घालून वाटोळं केलंय कुणीतरी. टाके काढतो आणि एवढा कोपरा नेतो." त्यानं पातं काढलं.

गीताबाईनं हातातल्या सुपानंच त्याच्या हातावर एक मारली. "टाके ऱ्हाऊ द्या की. आमच्या घरात त्यो टाक्यांमुळंच मोर हाय. न्हाईतर कोंबडीच हाय ती."

अच्युतराव मास्तर आता म्हातारे झालेत. पत्र हाती आलं की आधी मालकाला विचारतात, आणि मिळालं तर पाकीट अख्खं ठेवतात. कधीमधी मला बघायला येतात, जवळ घेतात आणि शिंकतात. मी सहन करतो. पाय उचलला होता माणसानं.

तर मित्रांनो, छंद जरूर करा. पण कात्री लावण्याआधी बघा, उरलेलं कोणाच्या उंबऱ्यावर जाऊन पडणार आहे ते.

आणि तिकीट चाटायचंच असेल, तर आधी चूळ भरा.