राणीसाठी आणलेला शालू

धुळ्याचा तोताराम टांगेवाला गेल्याची बातमी जळगावात आणली ती सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं. धुळ्याहून मोटार आली, गड्यानं बाजारात चहा मागवला आणि बशीत ओतता ओतता सहज बोलून गेला, "तुमची राणी गेली बरं का आज पहाटे." झालं! बघता बघता रुपचंदशेटच्या कापडदुकानापुढे गर्दी जमली. चांगले मिशाळ, लेकी उजवलेले बाप्ये, आणि उपरण्यानं डोळे पुसतायत. नशिराबादचा कौतिक कापसाची गाडी घेऊन आला होता. त्यानं गाडी अडत्याच्या दारात तशीच सोडली आणि तो धावत आला.

आता, टांगेवाल्यासाठी एवढा आकांत कशाला, असं कुणी विचारील. तर त्याचं असं आहे. दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार भरला त्या साली जळगावात एक नाटक कंपनी उतरली होती. तिच्यात शिंदखेड्याकडच्या कुणब्याचं एक चौदा वर्षांचं पोर राणीचं काम करायचं. तेच तोताराम. लाल शालू नेसून, डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढत ते पुढे आलं की अख्खा तंबू चिडीचूप. बायका सोनाराकडे जाऊन राणीसारखी नथ घडवून मागत. जळगावच्याच उखर्डूनं घरच्या कालवडीचं नाव राणी ठेवलं म्हणून बापाचा मार खाल्ला. आणि कौतिकनं तर कमाल केली. सोळा वर्षांचं वय, अंगात रग. त्यानं आणि दोस्तांनी राणीच्या धमनीचे, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीचे, बैल सोडले, जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तंबूपासून बिऱ्हाडापर्यंत गाडी ओढत नेली. खांद्याची सालटी निघाली. तिथं खपली धरली, तर पठ्ठ्या आंघोळीलाही तिच्यावर पाणी पडू देईना!

पुढं व्हायचं तेच झालं. सतराव्या वर्षी पोराचा आवाज फुटला, ओठावर लव आली. कंपनीनं त्याला वाटेला लावलं आणि दुसरं पोर उभं केलं. लोकांनी दोन दिवस हळहळ केली आणि त्या दुसऱ्याला टाळ्या दिल्या. तोताराम कुठं गेला, काय खातो, हे एकानंही विचारलं नाही. कौतिकनंही नाही.

"शेवटची पाठवणी तरी राणीसारखी करू," रुपचंदशेट म्हणाला आणि दुकानातला लाल जरीकाठी शालू काढून त्यानं समोर टाकला. मयताला सोयऱ्याधायऱ्यांनी पांघरूण घालायची रीत आहे, आणि बाईमाणूस असेल तर माहेरचं लुगडं लागतं. "राणीचं माहेर म्हणजे आपलं जळगावच ना रे!" उखर्डू रडत रडत म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. शालू कौतिकच्या हाती दिला, कारण गाडी ओढणाऱ्यांतला तोच एक तिथं होता. मोटार भरून माणसं निघाली.

एरंडोल गेलं, पारोळा गेला. बाकीचे एकेक पद आठवून आठवून गात होते. कौतिक मांडीवरच्या शालूची घडी उगाच सारखी करत होता. एक गोष्ट त्याला आतून पोखरत होती, आणि ती त्यानं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी स्थळ बघायला तो धुळ्याला गेला होता. स्टेशनाबाहेर टांग्यात बसला. ऊन मी म्हणत होतं. टांगेवाल्यानं डाव्या हातानं उपरणं डोक्यावरून ओढलं आणि कौतिक बसल्या जागी पुढं झुकला. तोच हात, तीच बोटं, पदर ओढायची तीच तऱ्हा! "राणी!" तो ओरडलाच. टांगेवाला मागं वळला नाही. मग हसला. म्हणाला, "कोन गावना भाऊ तुम्ही?"

सबंध रस्ता कौतिक राणीबद्दल बोलत राहिला. राणीची नथ, राणीचं रडणं, राणीची धमनी. "एक पद म्हना ना राव, एकच!" म्हणून त्यानं हात जोडले. तोताराम म्हणाला, "गळा गया भाऊ. आते फक्त घोडाले हाका मारस." उतरताना मात्र त्यानं कौतिकचा हात धरला. "सांजले जेवाले या. पांझराकाठे घर शे, कोनले बी विचारा. मन्ही घरवाली मांडा चांगला करस. तुमना कापूसनं बोलूत, मन्हा घोडानं बोलूत. राणीनं नको." त्यानं नाव-गाव विचारून घेतलं. कौतिक म्हणाला, "येतो, येतो! नक्की येतो!"

आणि गेला नाही. वेळ नव्हता, असं नाही. संध्याकाळभर तो सोयऱ्याच्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. पण त्याला धास्ती वाटली. बंडी घालून चुलीपुढं कांदा चिरणारी राणी त्याला बघायची नव्हती. राणीला बायको असावी, दोरीवर तिची लुगडी वाळत असावीत, हे त्याला सोसवेना. आता त्याला स्वतःचाच राग येत होता. अरे, माणूस हात धरून जेवायला बोलावतो आणि आपण तोंड लपवतो?

पांझरेकाठचं घर शोधावं लागलं नाही. ओट्यापुढं माणसं बसली होती आणि कडेला बिनटांग्याचा घोडा बांधला होता. शिंदखेड्याला दिलेली लेक यायची म्हणून मयत ठेवलं होतं. ती नुकतीच पोचली होती आणि आत रडारड चालू होती. जळगावची मंडळी शिरली तशी वाट झाली. उखर्डूनं तर "राणी गं!" म्हणून हंबरडाच फोडला. कौतिक पुढं झाला, वाकला आणि शालूची घडी मोडू लागला.

"ते काय शे?"

मयताच्या उशाशी बसलेल्या बाईनं विचारलं होतं. तोतारामची बायको, झुंबरबाई. रडून रडून तिचा आवाज बसला होता. हातात अजून हिरव्या बांगड्या होत्या. त्या फोडायला आलेल्या म्हाताऱ्या मागं थांबल्या होत्या.

"माहेरचं लुगडं आहे वहिनी," रुपचंदशेट मागून मोठ्या मायेनं म्हणाला. "राणीला आमच्या जळगावकडून."

झुंबरबाईनं त्या लाल शालूकडे पाहिलं. मग कौतिककडे पाहिलं. "भाऊ, मन्हा घरमा बाई नही मरनी," ती म्हणाली. "मन्हा नवरा मरना शे. धोतर लई या."

उखर्डूचा हंबरडा तिथल्या तिथं जिरला.

"घरमा लाल लुगडं त्यासले चालेच नही," ती बोलतच राहिली. "लगीननं लुगडं बी मी पेटीमा ठी दिधं. वीस वरीस मी लाल नेसनी नही. आते तर काय नेसू?" तिनं हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं, आणि तिला जो हुंदका आला तो मग थांबेचना.

कौतिकला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. एवढी माणसं मोटार भरून आली, पण त्या तिरडीवरच्या माणसासाठी एकही आला नव्हता. सगळे राणीसाठी आले होते. त्यानं शालू मागं सारला. स्वतःच्या डोक्याचा पांढरा फेटा सोडला, झटकला आणि तोतारामच्या अंगावर पायापर्यंत पांघरला. तेव्हा कुठं त्यानं पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट पाहिला. गाल बसलेले, मिशी पिकायला लागलेली, उन्हानं रापलेला एक साधा टांगेवाला होता तो. कौतिक बोडक्या डोक्यानं त्याच्या पायाशी वाकला आणि ओक्साबोक्शी रडला.

पुतण्यानं मडकं धरलं. पांझरेच्या वाळवंटात कौतिकनं खांदाही दिला, लाकडंही रचली. जळगावकर नदीवर हातपाय धुऊन परस्पर शेवटच्या मोटारीला गेले. रुपचंदशेटनं शालूची घडी घातली, काखेत मारली आणि तो बरोबर नेला. त्याला दोष तरी काय द्यायचा? तो शालू त्या घरात कुणाच्याच कामाचा नव्हता.

कौतिक मात्र गेला नाही. दारात निंबाचा पाला चावून तो ओट्यावरच टेकला. शेजाऱ्यांनी कडू घासाचं आणलं होतं, पिठलं आणि भाकर. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंदांना शेजारपाजार जेवू घालतो. कौतिक काही भाऊबंद नव्हता. तो उठायला लागला तेवढ्यात आतून झुंबरबाईचा आवाज आला, "फेटावाला भाऊले बी वाढा." मग तिनं विचारलं, "भाऊ, नाव काय तुमनं?"

"कौतिक. नशिराबादचा."

झुंबरबाई आतून दाराआड येऊन बसली. मग ती म्हणाली, "तुम्हीच का त्या नशिराबादना दोस्त?"

कौतिक परत खाली बसला.

"त्या दिन मी मांडा करेल व्हतात," झुंबरबाई हळू आवाजात सांगू लागली. रागानं नव्हे, नुसतं सांगत होती. "घोडा सोडीसन मन्हा मालक आठेच, ह्याच ओटावर बसनात. म्हनेत, मन्हा दोस्त येणार शे. मी म्हने, जेवी ल्या आते. म्हनेत, थांब, येई तो. जेवनातच नही. सकाळे सर्वा मांडा घोडाले चारी दिधात."

"वहिनी, चुकलं माझं," एवढं कौतिकच्या ओठावर आलं होतं, पण ते सांगायला ज्याच्याजवळ जायचं होतं तो पांझरेकाठी जळत होता.

कडू घास नावाला दोन घास खायचा असतो. बाकीच्यांनी दोन घास घेतले आणि हात धुतले. कौतिक मान खाली घालून खातच राहिला. त्यानं ताट पुसून घेतलं आणि वाढणारीपुढे हात केला.

"अजून अर्धी भाकर द्या मले," तो म्हणाला. "मी जेवायला आलो आहे."