लेखानुदानावर चाललेली रुग्णवाहिका

या मित्रांनो, कीर्तनाला बसता तसे जरा पुढे सरकून बसा. एक गोष्ट सांगते. माझीच आहे.

मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. सिन्नर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या शेडखाली उभी असते. कारखान्यातून आले तेव्हा पांढरीशुभ्र होते. गावाने हळदकुंकू लावलं, आणि गावच्या कीर्तनकार अक्काबाईंनी भर कीर्तनात सांगितलं, "देव रथातून येतो असं ऐकलंय. आपल्या गावाला आजपासून रथ मिळाला." त्या दिवशी माझा चालक पुंजाराम डोळे पुसत होता.

तो मला लक्ष्मी म्हणायचा. रोज संध्याकाळी वहीत गाडीची अवस्था लिहावी लागे. पुंजाराम हात धुऊन, देवाचं नाव घेऊन एकच शब्द लिही: सुस्थितीत. अकरा वर्षं तोच शब्द. जिच्यावर घर चालतं, तिला वाईट लिहायचं नाही, असा त्याचा नेम होता.

मग निवडणुकीचं वर्ष आलं. अशा वर्षी पूर्ण अर्थसंकल्प लगेच मंजूर होत नाही. तोवर दवाखाने, शाळा बंद पडू नयेत म्हणून थोड्या महिन्यांच्या खर्चाला तात्पुरती मंजुरी देतात. तिला लेखानुदान म्हणतात. पगार, डिझेल, अगदी अडलेली कामं, एवढंच त्यात बसतं, असं आमच्याकडे सांगण्यात आलं.

माझा क्लच तेव्हा घसरू लागला होता. कारकून अश्विन यादी घेऊन आला.

"पुंजाराममामा, अडलेल्या गाड्यांचीच दुरुस्ती होणार हाय. बाकीच्यांची जुलैनंतर. तुमच्या वहीत तर रोज सुस्थितीत!"

"वहीचं काय घेऊन बसला, राव? चढाला दम लागतो तिला."

"मग तसं लिहा की! आज लिहिलं तरी यादीत घालतो."

पुंजारामने पेन उचललं. माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं. आणि हसून म्हणाला, "नाय रे, लय गुणी हाय ती. काढंल चार महिने."

त्याने तोच शब्द लिहिला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

जुलैत निंदणी करताना अक्काबाईंना साप चावला. केंद्रात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तातडीने नाशिकला न्यायला सांगितलं. भर दुपारी आम्ही निघालो. गावाबाहेरच्या चढावर माझं इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. चाकं हलेनात. पुंजाराम खाली उतरून मला खांद्याने रेटत होता, "चल गं माय, चल!"

आतून अक्काबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "पुंजा, तिच्यावर चिडू नको. नाव घे."

काळी-पिवळी जीप यायला पाऊण तास लागला. अक्काबाई नाशिकला पोचल्या नाहीत.

आठ दिवसांनी दुरुस्तीची मंजुरी आली. माझा क्लच आता नवा आहे, चालवणारा माणूसही नवा. पुंजाराम कुठल्याच गाडीत बसत नाही. सिन्नरचा बाजारसुद्धा पायी करतो. लोक त्याला दोष देत नाहीत. नुसते तो आला की बोलायचे थांबतात.

मित्रांनो, ज्यांच्यावर जीव आहे त्यांचं दुखणं झाकू नका, वेळेवर सांगा. आणि एक मागते. अक्काबाईंचं नाव गाव रोज घेतं. तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या पुंजारामची आठवण ठेवा.