दोन ब्रेकची गाडी

मी गाडी बोलतेय. पांढरी, छोटी, पुढे-मागे पिवळी L ची पाटी मिरवणारी. ब्रिस्बेनच्या रस्त्यावर तुम्ही मला पाहिलं असेल आणि पाहताच लेन बदलली असेल. राग नाही. सगळेच बदलतात.

इतर गाड्यांत नसते अशी एक गोष्ट माझ्यात आहे. मला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. माझी सगळी गोष्ट या दुसऱ्या ब्रेकची आहे म्हटलं तरी चालेल.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. जहाजातून इथे आले तेव्हा अंगावर प्लास्टिक होतं आणि मनात बऱ्याच आशा होत्या. पण पहिले मालक मिळाले इप्सविचचे एक निवृत्त आजोबा. रविवारी चर्च, बुधवारी क्लब, बाकी दिवस मी गॅरेजमध्ये. आजोबांना मोतीबिंदू झाला आणि त्यांनी मला विकलं. निघताना माझ्या बॉनेटवर दोनदा थोपटलं.

मला घेतलं यतिनने. यतिन साताऱ्याचा. इथे शिकायला आला, मग पेट्रोल पंपावर राबला, भाजीच्या गोदामात राबला, कायमच्या व्हिसासाठी वर्षानुवर्षं झुरला आणि शेवटी ड्रायव्हिंग शिकवू लागला. स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या त्याच्या घरासमोर त्याची बायको कौमुदी हिने मला हळदकुंकू लावलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारचा ग्रेग कुंपणावरून बघत होता.

"ऑल गुड, मेट?" त्याने विचारलं.

"ऑल गुड," कौमुदी म्हणाली. "टायरला व्हिटॅमिन सी देतोय."

नंतर मेकॅनिकने माझ्यात दुसरा ब्रेक बसवला. तेव्हापासून यतिनचा पाय त्यावरून कधी हलला नाही. माणूस मऊ, सज्जन, पण जात्याच भित्रा. समोर दूरवर पिवळा दिवा दिसला की त्याच्या बुटाचं टोक दाबलंच. तोंडाने "सावकाश, सावकाश" चालू. पुण्यात तीस वर्षं गाडी हाकलेले काका "अहो, मला काय शिकवता!" म्हणत बसायचे आणि पहिल्याच राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, यतिनचा पाय त्यांना वाचवायचा. तिथे तो पाय बरोबर होता. म्हणून मीही कधी तक्रार केली नाही.

मग एका सकाळी हालिना आली.

हालिना पन्नाशीची. युक्रेनमधल्या खारकीवची. तिथे ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, ट्रामने जायची-यायची, गाडीला कधी हात लावलेला नव्हता. तिच्याबरोबर तिची आई होती. डोक्याला फुलांचा रुमाल, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी.

"माफ करा," हालिना इंग्रजीत म्हणाली. "आईला घरी एकटं ठेवता येत नाही. ती विसरते. गॅस चालू ठेवते. तिला मागे बसू द्याल?"

"अगदी बसू दे की," यतिन म्हणाला आणि मागचं दार उघडून धरलं. "या आजी, बसा."

"आजी?" म्हातारीने मुलीकडे पाहिलं. यतिनने अर्थ सांगितला. म्हातारीला शब्द आवडला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आजी!" आणि आत बसली. पट्टा मात्र लावून घेईना. हालिनाने समजूत काढून लावला.

गाडीत बसलं की माणसं बोलतात, समोर बघत असतात म्हणून असेल. पहिल्या काही दिवसांतच मला सगळं कळलं.

युद्ध सुरू झालं तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत दाटीवाटीने बसून त्या दोघी निघाल्या. पोलंडला पोचल्या. हालिनाची भाची ब्रिस्बेनला होती, तिने बोलावलं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दार उघडलं होतं. तीन वर्षं राहा म्हटलं, काम करायची मुभा दिली, डॉक्टरकडे जायला मेडिकेअरचं कार्ड दिलं, इंग्रजीच्या वर्गाचे पैसेही घेतले नाहीत. हालिना हे सांगताना प्रत्येक वेळी म्हणायची, "चांगले लोक आहेत. मी वाईट बोलणार नाही." तिची एक मैत्रीण उशिरा निघाली, दिलेली मुदत टळल्यावर इथे पोचली. तिला यातलं काहीच मिळालं नाही.

"मग मी कशी तक्रार करू?" हालिना म्हणायची.

पण तीन वर्षं संपत आली होती. पुढे काय, ते कुणीच नीट सांगत नव्हतं. त्यातच टूवूंबाच्या पुढच्या एका छोट्या गावातून निरोप आला. तिथे वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणारी बाई हवी होती. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करता करता हालिनाने त्या कामाचा कोर्स केला होता. तिथली मॅनेजर तिला कायम राहता यावं म्हणून व्हिसाचा अर्ज करायला तयार होती. अट एकच. घरं लांब लांब, बस नाही, म्हणून लायसन्स हवं. तेही या महिन्यात. जागा त्यापुढे रिकामी ठेवता येणार नव्हती.

शिकाऊ लायसन्स काढून तिला वर्ष होऊन गेलं होतं. स्टिअरिंगला हात लावायचा धीर तेवढा झाला नव्हता.

आता कळलं ना, मला काळजी का लागली ते? माझ्यावर कितीतरी जण शिकले. कुणाला पबला जायला लायसन्स हवं असतं, कुणाला मुलांना पोहायच्या क्लासला सोडायला. हालिनाला ते हवं होतं, कारण त्यावाचून तिच्या आईला पुन्हा एकदा पिशवी भरावी लागली असती, आणि या वेळी जायचं कुठे, ते ठाऊक नव्हतं. खारकीवचं त्यांचं घर उरलेलं नव्हतं.

हालिना मन लावून शिकली. आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून मागे नजर, सगळं पाठ. यतिनचं "सावकाश" तिने उचललं. वळताना स्वतःच पुटपुटायची, "साव-काश, साव-काश." मागे आजी आपल्या पायाने पुढची सीट रेटायची. यतिन म्हणायचा, "बघा, या गाडीला तीन ब्रेक आहेत."

हसायचे सगळे. मला हसू येत नव्हतं. मला माझे ब्रेक ठाऊक होते. प्रत्येक चौकात हालिनाचा पाय हलायच्या आत यतिनचा पाय दाबला जायचा. तिच्यावर जितका जीव जडला, तितका तो लवकर दाबू लागला. तिच्या बाजूचा ब्रेक थंड आणि शेजारचा तापलेला, असं माझं चाललं होतं. ती बिचारी समजत होती की आपणच थांबवतोय. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई यतिनच्या जागेवर बसल्या. हातात टॅब, चेहऱ्यावर काही नाही. यतिन आणि आजी बाहेरच्या बाकावर. आम्ही निघालो. गल्ल्या, शाळा, उतार, सगळं छान झालं. मग राउंडअबाउट आला. उजवीकडून, म्हणजे जिला आधी जाऊ द्यायचं त्या बाजूने, बस येत होती. हालिनाने बस पाहिली. पाहिली, हे मी शपथेवर सांगते. तिचे हात स्टिअरिंगवर आवळले. आणि ती वाट पाहू लागली. गाडी आपोआप थांबायची वाट, नेहमी थांबायची तशी.

परीक्षक बाईंनी ब्रेक दाबला. खाडकन. तिथेच परीक्षा संपली.

परत आल्यावर बाकावरून उठून आलेल्या यतिनला हालिना एवढंच म्हणाली, "मी बस पाहिली होती."

त्या संध्याकाळी माझ्या शेजारी उभं राहून यतिनने कौमुदीला सगळं सांगितलं.

"नशीबच वाईट गं तिचं."

"नशीब?" कौमुदी म्हणाली. "मी बसलेय तुझ्या शेजारी. तुझा पाय आहे की सासूची नजर? सतत आपली सुनेच्या हातावर! ती कधी स्वतः थांबलीये का एकदा तरी?"

"तिला काही झालं असतं म्हणजे?"

"झालंच ना आता?"

यतिन टायरकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "परीक्षा आता थेट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिळतेय. तीही मिळाली हेच खूप."

दुसऱ्या दिवशी तो हालिनाला एका रिकाम्या मैदानात घेऊन गेला. तिथे बूट काढून तो सीटवर मांडी घालून बसला. पंगतीला बसावं तसा.

"हे काय?" हालिना घाबरली.

"आजपासून इथे मी नाही," यतिन म्हणाला. "चूक माझी होती. तू थांबत नव्हतीस. मी थांबवत होतो."

हालिनाने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, मला येतं."

मागून आजीने काहीतरी विचारलं. हालिनाने सांगितलं. आजी पुढे वाकली आणि यतिनच्या खांद्यावर बोटाने टोचत भराभर बोलली.

"काय म्हणतात आजी?"

हालिना संकोचली. "ती म्हणते, मुलगा चांगला आहे. पण आमची भीती आमच्याकडे पुरेशी आहे. त्याने त्याची आणखी आणू नये."

यतिन हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

पुढचे दिवस वाईट गेले. हालिनाला ब्रेक मारता येईना. फार लवकर मारायची किंवा फार जोरात. आजीची पिशवी सीटवरून घरंगळायची, सफरचंदं माझ्या कानाकोपऱ्यांत जायची. रस्त्यावर यतिन मांडी घालू शकत नव्हता, पण पाय मागे ओढून गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचा. त्याच्या कपाळावरचा घाम मला आरशात दिसायचा. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. एकदा एका मोठ्या गाडीवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली आणि ओरडला, "जिथून आलात तिथे परत जा!"

हालिना स्टिअरिंग न सोडता म्हणाली, "तेच तर कुणी सांगत नाही, कुठे जायचं."

तो निघून गेला होता. तिने दिवा हिरवा होईपर्यंत वाट पाहिली, इंडिकेटर दिला, आणि वळली. ब्रेक तिने मारला होता. अगदी हलका. मला जाणवला.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक वेगळे होते. त्याच राउंडअबाउटला या वेळी उजवीकडून कुणीच नव्हतं. माझा जीव जरा भांड्यात पडला. आणि तेवढ्यात पुढच्या गल्लीत एक ब्रश टर्की, इथला तो काळा, लाल मानेचा रानकोंबडा, झुडपातून निघून थेट रस्त्यावर आला. मागे सायकलवर एक लहान मुलगी, त्यालाच हाकलत.

परीक्षकांचा पाय उचलला गेला. मला कळलं. पण त्याआधी हालिनाच्या बाजूचा ब्रेक लागला होता. मी थांबले. मुलगी थांबली. टर्की मात्र आपला ऐटीत पलीकडे गेला.

हालिना कोरड्या आवाजात म्हणाली, "साव-काश."

"सॉरी?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही. आता जाऊ?"

ती पास झाली. यतिनला बाकावरून उठताच येईना. आजीनेच त्याला दंडाला धरून उभं केलं.

कामाच्या गावी त्यांना पोचवायला मीच गेले. सामान थोडंच होतं. कौमुदीने तांदूळ, मसाल्याचा डबा आणि कसली कसली औषधं बांधून दिली होती. हालिना चालवत होती, यतिन शेजारी. टूवूंबाचा घाट चढताना ट्रक शेजारून घोंघावत होते. यतिनने डोळे मिटून घेतले. हालिनाने नाही. वर पोचलो तेव्हा मोकळी लाल-काळी शेतं पसरली होती आणि आजी झोपली होती.

गावातल्या घरापुढे मी उभी राहिले. छोटं लाकडी घर, पत्र्याचं छप्पर. मॅनेजर किल्ली घेऊन दारात थांबली होती. अर्ज भरून झालाय, म्हणाली, उत्तर कधी येईल ते तिलाही माहीत नव्हतं. जुना व्हिसा तर संपतच आला होता.

आजी जागी झाली, पण खाली उतरेना. पिशवी छातीशी धरून तशीच बसली. हालिनाने हात पुढे केला तर तिने मान हलवली आणि काहीतरी विचारलं.

"काय झालं?" यतिन म्हणाला.

"विचारते, हे शेवटचं का? की अजून एका गाडीत बसायचंय?"

हालिनाने यतिनकडे पाहिलं. यतिनने मॅनेजरकडे. मॅनेजरने हातातल्या किल्लीकडे.

मग हालिना माझ्या मागच्या सीटवर आईशेजारी येऊन बसली. हळू आवाजात दोन वाक्यं बोलली. आजीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग पट्टा स्वतःच्या हाताने सोडला आणि उतरली.

परतीच्या वाटेवर यतिनने कौमुदीला फोन लावला.

"आईला तिने काय सांगितलं, ते मी निघताना विचारलं गं. मला माहीत नाही आई, म्हणाली. पण इथपर्यंत तुला मी आणलंय."

घरी पोचेपर्यंत यतिनने रेडिओ लावला नाही.

आज मी पुन्हा स्प्रिंगफील्ड लेक्सच्या गल्ल्यांतून फिरते. नवीन पोरं, नवीन काका. यतिनचा पाय अजून ब्रेकवर जातो, पण पूर्वीपेक्षा उशिरा. हालिना अधूनमधून फोन करते. कामावरून मिळालेली गाडी रोज मैलोन्‌मैल चालवते, तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, औषधं देते. शेजारणीच्या नजरेखाली आजीने कोबी लावलाय. व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही; ते येईपर्यंत राहायची मुभा तेवढी आहे. यतिन फोन उचलताना प्रत्येक वेळी आधी तेच विचारतो.

माझंही वय झालंय. लवकरच यतिनला मला काढावं लागेल. त्याआधी एवढंच मागते. रस्त्यात पिवळी पाटी लावलेली गाडी तुमच्यापुढे चौकात जरा जास्त वेळ थांबली, तर हॉर्नवर हात नेऊ नका. आत मागच्या सीटवर कुणाची तरी आई बसलेली असेल.