नेड्राच्या हातचा पाव

स्तोत्राची चारही कडवी गाऊन संपली, तरी चर्चमधल्या पांढऱ्या कापडाच्या मेजाशी उभ्या असलेल्या दोन मुलांना सगळ्यांना वाटायचा तो प्रसादाचा पाव काही तुटेना.

ऑर्गनवरच्या सिस्टर थोरा यांनी मान वळवून पाहिलं आणि निमूटपणे पहिल्या कडव्यापासून पुन्हा वाजवायला घेतलं. त्या दोघांतला थोरला शाळेच्या कुस्तीच्या संघातला होता. त्याच्या मानेची शीर टरारून फुगली होती. एखादा तुकडा सुटला की ताटलीत खडा पडल्यासारखा आवाज येई आणि पुढच्या बाकावरचं एखादं पोर खुदकन हसे.

व्यासपीठावर बिशप गेलेन ऑस्टलर डोळे मिटून बसले होते. अखेर प्रार्थना झाली, ताटल्या रांगांमधून फिरल्या आणि सभागृहात ती नेहमीची पवित्र शांतता पसरली. फक्त आता त्या शांततेत एकशे चाळीस माणसं चावत होती. इथे बिशपपद बिनपगारी; पेशाने ते दंतवैद्य. डोळे मिटूनही त्यांना कुणाची कुठली दाढ कामाला लागली आहे ते कळत होतं, आणि त्यांचा जीव खालीवर होत होता.

सहाव्या रांगेत ऑर्वल सोरेनसन ताठ बसला होता. वय एक्क्याऐंशी, अंगावर लग्नाच्या वेळचा वाटावा असा कोट, आणि चेहऱ्यावर लेकीची पाठवणी नीट पार पडल्यासारखं समाधान. पाव त्याने भाजला होता.

मंगळवारी सिस्टर वेल्डा (या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर, पुरुष ब्रदर) बिशपांच्या दवाखान्याच्या खुर्चीत आडव्या झाल्या. चर्चमधल्या बायकांच्या मंडळाच्या त्या प्रमुख, आणि गावात त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"कशाने तुटली ही?" बिशपांनी आरसा आत घालत विचारलं.

"कशाने म्हणजे? रविवारी तुमच्यादेखतच तर खाल्लं."

बिशपांनी आरसा बाहेर काढून पुसायला घेतला.

"पाव खाऊन परमेश्वराला दिलेलं वचन नवं झालं, बिशप, दाढ मात्र जुनीच निघाली. सलग तिसरा रविवार आहे हा. आज तुम्ही त्या म्हाताऱ्याला सांगा, नाहीतर मी सांगते."

"नको, नको. तुम्ही नको. मीच जातो."

"कधी?"

"उद्या."

"आणि गोडीने सांगा, पण सांगा. नाहीतर तुमच्या जिभेवर साखर पसरायची आणि मुद्दा पोटातच राहायचा. मी ओळखते तुम्हाला."

बिशपांनी घाईघाईने त्यांच्या तोंडात कापूस भरला.

खरी पंचाईत अशी की हे सगळं बिशपांनीच ओढवून घेतलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ऑर्वलची बायको नेड्रा गेली. महिनाभर शेजारणींनी ताटं पोचवली, मग जो तो आपल्या उद्योगाला लागला. जन्मभर टर्की पक्षी पाळलेला हा माणूस तेव्हापासून फ्रीजरमधलं खोक्यातलं जेवण गरम करून खायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. विजार पट्ट्यावाचून थांबेना इतका वाळला. वसंतात बिशपांनी रविवारच्या सभेत भाषण केलं. खोऱ्यातल्या आपल्या मॉर्मन पंथाच्या प्रत्येक घराच्या तळघरात संकटकाळासाठी गव्हाची पिंपं आहेत, ती काय उंदरांसाठी? धान्य सगळंच चांगलं, पण माणसासाठी गहू, असं आपलं शास्त्र सांगतं. घरचं, साधं, आपल्या हातचं खा. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी दुपारी बर्गरच्या दुकानाच्या खिडकीपाशी गाड्यांच्या रांगेत त्याच माना पुन्हा दिसल्या. भाषण मनावर घेतलं ते एकट्या ऑर्वलने. त्याने पिंप फोडलं. उन्हाळ्याअखेर तर त्याने चर्चच्या मेजावरचा पाव आपण आणू असं कळवलं, आणि बिशपांनी आनंदाने होकार दिला.

बुधवारी बिशप ऑर्वलकडे गेले तेव्हा स्वयंपाकघरात विजेचं जातं घरघरत होतं. ऑर्वलच्या भुवयांवरसुद्धा पीठ होतं. गालांवर मांस आलं होतं, हे बिशपांनी आधी पाहिलं.

"ये, बिशप, बस. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते." बिशप पोरसवदा असताना ऑर्वलच्या टर्कींच्या शेडमध्ये कामाला यायचे. त्यामुळे ऑर्वल त्यांना मान द्यायचा, पण अरेतुरेनेच.

"ब्रदर ऑर्वल, तब्येत छान दिसते."

"पिठाचा गुण."

"मी त्या पावाबद्दलच बोलायला आलो होतो. म्हणजे, चव उत्तम आहे. घरचा तो घरचाच. फक्त थोडासा... कसं सांगू..."

"कडक?"

बिशपांनी सुटकेचा श्वास सोडला. "तुमच्याही लक्षात आलं तर."

"तुझ्या लक्षात आलं!" ऑर्वलने जातं बंद केलं. त्याचा चेहरा उजळला होता. "मला वाटत होतं, कुणाला ओळखूच येत नाहीये. चार महिने लागले, बिशप. आधी मेला मऊच व्हायचा."

"मऊ?"

"कापसासारखा. टम्म फुगायचा. नेड्राच्या कृतीच्या चिठ्ठीत लिहिलंय तसंच करायचो, तरी मऊ. सगळे शेजारच्या कोंबड्यांना घातले. मग आठवलं, ती पाणी उकळतं ओतायची आणि मळताना फोनवर बहिणीशी बोलत बसायची. तासभर मळायची. तसं केलं तेव्हा कुठे जमला. अगदी नेड्राच्या हातचा."

बिशपांना एकदम शेडमधल्या दुपारी आठवल्या. नेड्रा ताटली घेऊन यायची. जर्दाळूचा जाम त्यांना आठवत होता. पाव आठवत नव्हता.

"तू जाम चाटून पाव टर्कींना टाकायचास," ऑर्वल म्हणाला. "लाजू नकोस. मीही टाकायचो."

दोघंही हसले. मग ऑर्वल हात पुसत समोर बसला.

"दर वर्षी ती चर्चच्या पावासाठी नाव द्यायची. आणि दर वर्षी मी मागाहून बिशपकडे जाऊन सांगायचो, तेवढं तिचं नाव राहू दे बाजूला. तुझ्याआधी तीन बिशप झाले, तिघांनाही सांगितलं. चारचौघांत तिचं हसं झालेलं मला चाललं नसतं. तिला वाटायचं, लोक विसरतात. शेवटच्या हिवाळ्यात मला म्हणाली, ऑर्वल, माझ्या पावात काही खोट आहे का रे?"

"मग?"

"मी म्हणालो, नाही गं. लोकांनाच किंमत नाही."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. ऑर्वलने मेजावर सांडलेलं पीठ तळहाताने एका जागी गोळा केलं.

"आमचं लग्न आपल्या पंथाच्या मंदिरात लागलेलं. मरेपर्यंतचं नव्हे, अनंतकाळाचं," ऑर्वल म्हणाला. "म्हणजे ती भेटणार. आणि ती काही विसरणारी बाई नाही. पहिला प्रश्न हाच विचारेल. तेव्हा निदान सांगता येईल, तुझा पाव मेजावर ठेवला गं, सगळ्यांनी खाल्ला, आणि कुणी चकार शब्द काढला नाही." त्याने बिशपांकडे पाहिलं. "कुणी काढला नाही ना?"

बिशपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही," ते म्हणाले. "कुणीच नाही."

"तू काय सांगायला आला होतास?"

"हेच, की एक पाव पुरत नाही. दोन आणता आले तर."

ऑर्वल उठला. लाकूड कापावं तशी सुरी चालवत त्याने सकाळच्या पावाचे दोन काप काढले, दोन वाडग्यांत थंड दूध ओतलं आणि मान झुकवून परमेश्वराचे आभार मानले. दुधात पाव, इथलं जुनं संध्याकाळचं जेवण. बिशपांनी काप हातात धरून त्याचं वजन अजमावलं.

"किती वेळ भिजवायचा?"

"ती जाम आणायला तळघरात उतरली की मी पटकन बुडवायचो," ऑर्वल म्हणाला. "ती समोर असली की नाही. तिला वाईट वाटायचं."

 मग त्याने दुधाचा वाडगा हळूच बाजूला सरकवला आणि कोरड्या पावाचा कडकन घास घेतला.

बिशपांनी जिभेने आपली डावीकडची कच्ची दाढ चाचपली, वाडगा दूर सारला आणि उजवीकडून चावायला सुरुवात केली.