रविवारचा आकडा

केरबांनी चार्जरची पिन भिंतीतून काढली, मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिले. चार्जर काढल्याबरोबर मोजलं तर बॅटरी खोटा आकडा सांगते. अर्धा तास तिला निवांत ठेवावं लागतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं त्यांनी बॅटऱ्याच सांभाळल्या होत्या.

गाडी त्यांच्या मुलाची, प्रदीपची. आत पलंग, ओटा, पंखा, दिवे. बायकोला घेऊन देश हिंडायचा म्हणून त्याने ती हौसेने घेतली आणि सहाच महिन्यांत कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. तेव्हापासून ती भाजे गावातल्या घराच्या अंगणात उभी होती.

पूर्वी प्रदीपचा फोन भागुबाईच घ्यायच्या. केरबांच्या वाट्याला ‘बरा हायेस का’ एवढंच यायचं आणि ते फोन परत बायकोच्या हातात द्यायचे. एकमेकांशी काय बोलावं हे बापलेकांना कधी उमगलंच नव्हतं. आता मात्र दर रविवारी प्रदीप आधी आबांना, म्हणजे केरबांना, मागायचा. दहाची वेळ केरबांनीच ठरवून दिली होती. विहारातली वंदना आटोपून ते तोवर घरी येत. बॅटरी किती आहे, पाणी घातलं का, टर्मिनलवर पांढरं धरलंय का, अशी सुरुवात व्हायची आणि बोलणं कधी भाताच्या कापणीवर, कधी प्रदीपच्या तिकडच्या साहेबावर जायचं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी कामशेतचा पवन मोटारसायकलवरून आला. गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा. त्याने सरळ चार्जरची वायर चाचपली आणि उंदराने कुरतडलेली जागा दाखवली.

“तुला कुनी सांगितलं?” केरबांनी विचारलं. “मलाच ठावं न्हवतं.”

“प्रदीपदादांचा मेसेज आला,” वायर सोलता सोलता पवन बोलून गेला. “कालपासून चार्जिंग बंद दिसतंय म्हणाले.”

“दिसतंय? तितनं?”

पवनने सीटखालच्या काळ्या डबीकडे बोट केलं. गाडी चोरीला गेली तर सापडावी म्हणून ती बसवलीय, अशी केरबांची समजूत होती. बॅटरीचा आकडा त्या डबीतून प्रदीपच्या मोबाईलवर जात होता, आणि तोही पहिल्या दिवसापासून. एवढं सांगून झाल्यावर पवन चपापला. हे आबांना कळू देऊ नको असं दादांनी बजावलं होतं, असं तो खालच्या आवाजात म्हणाला.

पवन गेल्यावर केरबांनी व्होल्ट मोजायचा मीटर पिशवीत घालून कपाटावर टाकला. दुखऱ्या गुडघ्याने वाकून इतके महिने आकडे घेतले, ते कशाला? जेवताना भागुबाईंनी फार विचारलं तेव्हा म्हणाले, पोरगं आपल्याला खेळवीत होतं.

भागुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ताटात भाकरी वाढता वाढता त्यांनी एवढंच विचारलं, “आपल्यात धा वाजत्यात, तवा त्याच्याकडं किती वाजलेलं असत्यात?”

केरबांनी बोटांवर मोजलं. पहाटेचे साडेपाच. उशिरापर्यंत झोपायला मिळावं असे त्याचे आठवड्यात दोनच दिवस, आणि त्यातला हा एक. हातातला घास तसाच राहिला.

सकाळी विहारातून आल्यावर त्यांनी मीटर खाली काढला. पिन काढली, अर्धा तास थांबले, आकडा घेतला. दहाला फोन वाजला.

“आबा, किती आहे आज?”

“बारा पॉइंट सात.”

“छान. म्हणजे सगळं ठीक आहे.”

पवनचं नाव दोघांनीही काढलं नाही. केरबा पलीकडचा आवाज ऐकत राहिले. घोगरा होता, नुकत्याच उठलेल्या माणसाचा.

“प्रदीप, म्होरल्या रविवारपासनं दुपारी दोनला फोन करीत जा.”

“का हो आबा?”

“थंडी पडलीया. सकाळी बॅटरी गार असती. आकडा बराबर येत न्हाई.”



“बरं,” प्रदीप म्हणाला. “दोनला करतो.”

शेजारी वाल सोलत बसलेल्या भागुबाईंनी मान वर केली.

“दोनला तर तुमी झोपता.”

“आता न्हाई झोपत,” केरबा म्हणाले आणि फोन कानाशी तसाच धरून पिन लावायला उठले.