उपासाला चालणारी मिसरी

"दिशाची मिसरी आजपासून बंद. आणि मावशी, घरात भाजायचीही नाही." दवाखान्यातल्या सिस्टरचं बोलणं रतनबाईंना तव्यावर तंबाखू टाकताना रोज आठवे. त्यातलं सुनेपुरतं तेवढं त्या ध्यानात ठेवीत.

दिशाला सातवा लागला होता. रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या, आईकडून बाळाला लागेल असा कुठलाही संसर्ग नव्हता. पण बाळाची वाढ कमी होती. तंबाखू रक्तातून बाळापर्यंत पोचते, असं सिस्टरनं बजावलं होतं. दिशा नवी नवरी असताना तिची दाढ दुखली तेव्हा पहिली चिमूट रतनबाईंनीच दिली होती.

रतनबाईंचे सोमवार, एकादशी कधी चुकले नाहीत. मिसरी मात्र चाले. "ती काय पोटात जाती व्हय?" हा त्यांचाच निवाडा.

त्या सोमवारी मेंढरांना पाला टाकायला गेल्या, तर कडब्याच्या गंजीमागं दिशा तोंडात बोट घालून उभी.

"काय गं?"

"दात घासत व्हते, आत्या."

"तिसऱ्यांदा? मगरीचे हायेत का?"

दिशाला हसू फुटलं, मग डोळेच भरले. "आठ दिस झाले, रोज ठरवते. तुमी भाजता, घरभर वास सुटतो. मग जीव ऱ्हात न्हाई."

रतनबाई तिच्याजवळ टेकल्या. महादेवासाठी उपाशी राहिलो, पण जिवाभावाचं असं काय सोडलं आपण?

"मी बी सोडते."

"तुमी? त्याबिगर तुमचं पोट तरी साफ व्हतं का?"

"नाय झालं तर नाय झालं!"

"आन् साळुबाईच्या ओट्यावर? समद्या डबी पुढं करत्यात. नको म्हणलं की हसत्यात."

"त्यांना मी सांगते. उद्याच."

दुसऱ्या दिवशी चूल पेटली, तव्यावर नुसत्या भाकरी. रतनबाईंचं डोकं जड, जांभयांवर जांभया. दोघींनी मिळून दिशाच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला, चहा गार झाला म्हणून झापलं, आणि तो त्यानंच केला होता.

"सासू-सून एकदम भडकल्यात राव! मी आपला मेंढरांत बरा," म्हणत तो सटकला. दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या.

दिशा धुणं घेऊन बसली. पलीकडं ओट्यावर बाया जमल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना मिसरी रतनबाईंनीच शिकवलेली. हसतील, टोमणे मारतील. रतनबाईंनी देव्हाऱ्यापुढं हात जोडले, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि दिशाला काही न सांगता साळुबाईच्या घराकडं चालू लागल्या.